भातुकलीतील चूल

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना वाटेत तेवर नावाचे गाव लागते. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. मो. गं. दीक्षित यांनी १९५२ साली येथे उत्खनन केले. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेले कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या परिसराचा प्राचीन इतिहास उजेडात आणणारे हे दोन्ही विद्वान मराठी भाषक होते. परंतु याच नगरीतील मराठी घरांत ज्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या अन्न शिजले, तिची नोंद कोणत्याही लेखात सापडावयाची नाही. ती सापडलीच तर लहान मुलींच्या खेळण्यात, म्हणजे भातुकलीत सापडते.

जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठी अंमलाखाली आले, १७९८ साली तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांच्या हाती पडला. पुढे १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याची राजधानी नागपूर ठरली. १८७० साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग जबलपुरास मिळाला. कचेरी, शाळा, न्यायालय आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूर वेगळ्या राज्यात गेले. ही कुटुंबे मात्र राहिली. बाहेर हिंदी बोलणाऱ्या या घरांत मराठी टिकली ती मुख्यतः माजघरात आणि चुलीपाशी. चूल, वैल, थान, फुंकणी, पोतेरे हे शब्द तेथेच वापरात होते.

ही चूल घरची बाईच घाली. चाळलेली माती, शेण आणि भुसा एकत्र मळून, दोन दिवस मुरवून, घोड्याच्या नालेसारखा आकार उभारावयाचा. काठावर तीन थाने बसवावयाची. ही थाने शोभेची नव्हेत. भांडे काठापासून बोटभर वर राहिले तरच ज्वाळेला व धुराला बाहेर पडण्यास वाट मिळते आणि तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. शेजारी वैल. तिला स्वतंत्र जळण लागत नाही. मुख्य चुलीतील उष्णता आतल्या भोकातून तिच्याकडे येते. भात उतरला की वरण वैलावर सरकवावयाचे, दूध तेथेच कोमट राहावयाचे. एका जळणात दोन भांडी शिजविण्याची ही योजना कोणा शिल्पकाराच्या नावावर नाही.

अशी चूल टिकत नसे. ती तडकली की लिंपीत, फारच झिजली की मोडून नवी घालीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी भांडी, दिवे, अडकित्ते जपलेले आहेत. पितळ आणि लाकूड संग्रहालयापर्यंत पोचते. मातीची चूल पावसात विरघळून अंगणातच मिसळते. उरते ती तिची प्रतिकृती. संतवाङ्मयात ‘भातुके’ हा शब्द मुलांच्या खाऊसाठी येतो; भातुकली त्याच कुळातली. पितळेची, दगडाची, लाकडाची ही इवलीशी भांडी पेटीत राहिली, रुखवतात मांडली गेली आणि मोठ्या वस्तूंपेक्षा अधिक जगली.

आमच्या जबलपूरच्या घरातील चूल मोडल्यावर अनेक वर्षांनी मी तिची प्रतिकृती करावयास घेतली. भेडाघाटचे कारागीर ज्या मऊ संगजिऱ्यातून लहान मूर्ती घडवितात, तोच दगड घेतला. तो साध्या पटाशीने कोरता येतो आणि उष्णतेने सहजी तडकत नाही. हातभर लांबीची चूल बाराव्या हिश्शाने लहान केली की दीड इंचाची होते. नाल जमली, थाने जमली, वैलाचे भोकही सुईने पाडता आले. मग मुलांनी काडी पेटवून आत ठेवली आणि ती विझली. पुन्हा ठेवली, पुन्हा विझली. कारण उघड होते. लांबी बारा पटींनी घटली तरी आतली जागा सतराशे अठ्ठावीस पटींनी घटते; एवढ्याशा जागेत विस्तव स्वतःची ऊब राखू शकत नाही. चूल लहान होते, विस्तव लहान होत नाही.

युरोपातही हा अनुभव आला असावा. न्यूर्नबर्गच्या नावाने ओळखली जाणारी खेळण्यातील स्वयंपाकघरे मुलींना गृहकृत्य शिकविण्यासाठी असत. एकोणिसाव्या शतकातील जर्मन खेळण्यांच्या काही चुलींत लाकडाऐवजी स्पिरिटचा दिवा ठेवीत. नवी दिल्लीचे शिल्पकार लट्येन्स यांनी राणी मेरीसाठी १९२४ साली पूर्ण केलेल्या बाहुलीघरात फुटाला एक इंच हे प्रमाण कसोशीने पाळले आहे. आमच्या भातुकलीला असे प्रमाण नव्हते; मुलीची बोटे हेच तिचे माप.

आणि येथेच ही गोड आठवण थांबवून विचार करावा लागतो. ज्या बोटांच्या मापाने ही भांडी घडली, ती बोटे लवकरच खऱ्या चुलीपाशी जात. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. त्या काळी यात नवल नव्हते. मुलींच्या विवाहाचे वय चौदा ठरविणारा सारडा कायदा १९२९ साली संमत झाला. तोवर खेळ आणि राबणूक यांत दोन-चार वर्षांचेच अंतर असे. खेळातल्या चुलीने आकार शिकविला, क्रम शिकविला. डोळ्यांत जाणारा धूर आणि म्हातारपणीचा खोकला मात्र सांगितला नाही. गरीब घरांत गॅस पोचविण्यासाठी उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, यावरून तो धूर किती दीर्घकाळ टिकला हे ध्यानात येते.

म्हणून भातुकली हे इतिहासाचे साधन आहे, पण अपुरे. चुलीचा घाट, थानांची संख्या, वैलाची जागा यांबाबत ती विश्वासू साक्षीदार आहे. विस्तवाबद्दल मात्र ती मुकी आहे. तो भाग वृद्ध स्त्रियांना विचारूनच भरावा लागतो, आणि त्या आता थोड्या उरल्या आहेत. माझ्या पांढऱ्या चुलीपुढे मी काडीएवढी एक फुंकणी ठेवली आहे. पाहणाऱ्याने ती आधी पाहावी. चूल मातीने घडत असे. पेटती राहात असे ती कोणा बाईच्या श्वासाने.