जुन्या गिटारीचे मोल

दिवाळी जवळ आली की घराघरांतून साफसफाईचे वारे शिरते. माळ्यावरच्या वस्तू खाली येतात, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत होतात, आणि वर्षभर कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या शिसवी पेटीवरून पॉलिशचा बोळा फिरू लागतो. जुने ते नवे करून दाखवावे, हा या दिवसांचा धर्मच आहे. भांड्यांच्या बाबतीत तो अवश्य पाळावा. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांना चकचकीत करावयास जावे, तर त्यांचे निम्मे मोल त्या बोळ्याबरोबरच पुसले जाते. जुनी गिटार ही त्यांपैकी एक.

आपल्याकडे जसा माळा, तशी अमेरिकेतील घरांना छपराखाली अडगळीची खोली असते. आजोबा निवर्तले आणि घर आवरावयास घेतले, की तिथून कधीकधी एक काळी, धुळकट पेटी निघते. आत गिटार. मुले-नातवंडे भोवती जमतात आणि प्रश्न निघतो : ‘हिचे काय येईल?’ एक म्हणतो, ‘शंभर वर्षांची आहे, सोन्याच्या भावाने जाईल.’ दुसरा म्हणतो, ‘तडा गेलाय, खुंट्या गंजल्यात, फुकट दिली तरी कोण नेणार?’ दोघेही अंदाजाने बोलत असतात. खरे उत्तर त्या गिटारीच्या अंगावरच लिहिलेले असते. मात्र ते वाचता येण्यासाठी तिच्या घराण्याचा इतिहास ठाऊक हवा. गिटारी अनेकांनी बनविल्या. पण ज्यांचा इतिहास वर्षावार आणि आकड्यांनिशी सांगता येतो, अशांत अग्रभागी असलेले घराणे म्हणजे पेन्सिल्व्हेनियातील मार्टिन. म्हणून आपण त्याच घराण्याची एक गिटार हाती आली आहे असे समजू.

या घराण्याचा मूळ पुरुष ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा 1796 साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्शेन या गावी जन्मला. घराणे सुतारांचे. व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित कारागिराकडे राहून त्याने गिटार बनविण्याची विद्या संपादन केली. पण गावी परतल्यावर निराळाच तंटा उभा होता. व्हायोलिन बनविणाऱ्यांचा संघ म्हणे, वाद्ये घडविण्याचा हक्क आमचा. पेट्या-कपाटे करणाऱ्या सुतारांनी गिटारीला हात लावू नये. आपल्याकडील बलुतेदारीच्या वतनाचे तंटे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे भांडण ओळखीचे वाटेल. अखेर 1833 साली मार्टिन कुटुंबासह न्यूयॉर्कला गेला आणि काही वर्षांतच त्याने पेन्सिल्व्हेनियातील नाझारेथ या लहानशा गावी बिऱ्हाड हलविले. मोराव्हियन पंथाच्या जर्मन भाषिकांची ती वस्ती होती. कारखाना अजूनही त्याच गावी आहे.

आता आपली गिटार उजेडात आणू. पहिला प्रश्न : ही केव्हाची? आत डोकावले तर शिक्का दिसतो, त्यात ‘न्यूयॉर्क’ असा शब्द आहे. झाले! नातू उड्या मारू लागतो की, नाझारेथला जाण्यापूर्वीची, म्हणजे 1830 च्या सुमाराची ही दुर्मिळ वस्तू! परंतु घाई करू नये. कारखाना खेड्यात गेला तरी विक्रीची पेढी न्यूयॉर्कलाच राहिली, आणि म्हणून शिक्क्यावरचे न्यूयॉर्क 1898 पर्यंत तसेच राहिले. मात्र 1867 साली भागीदारी झाली, तेव्हापासून मार्टिनच्या नावापुढे ‘आणि कंपनी’ ही अक्षरे आली. म्हणजे शिक्क्यातील एवढ्या दोन शब्दांवरून तीस वर्षांचा फरक कळतो. जुन्या दस्तऐवजात मोडीचे एखादे वळण पाहून काळ ठरवावा, तसाच हा प्रकार.

1898 साली कारखान्याने गिटारींना अनुक्रमांक देण्यास आरंभ केला. तोपर्यंत अदमासे 8000 गिटारी झाल्या असाव्यात असे धरून मोजणी तिथून पुढे सुरू झाली. हा आकडा गोल छिद्रातून आत पाहिले असता, दांडी जिथे कोठ्याला मिळते तिथल्या लाकडी ठोकळ्यावर उमटविलेला दिसतो. कोणत्या वर्षाअखेर आकडा कुठवर गेला याची यादी उपलब्ध आहे. 1943 अखेर 86,724 आणि 1944 अखेर 90,149. एका विजेरीच्या आणि लहानशा आरशाच्या साहाय्याने कोणालाही आपल्या गिटारीचे जन्मवर्ष काढता येते. विकावयास निघालेल्या माणसाने निदान एवढे केल्यावाचून घराचा उंबरठा ओलांडू नये.

परंतु वय कळले म्हणजे किंमत कळली असे नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. एकोणिसाव्या शतकातील अनेक लहान चणीच्या गिटारी आज काही हजार डॉलरांना मिळू शकतात; उलट त्यांच्याहून तीस-चाळीस वर्षांनी धाकट्या अशा 1930 ते 1940 च्या दशकातील मोठ्या गिटारींना त्याच्या कितीतरी पट किंमत येते. असे का व्हावे? कारण त्या जुन्या गिटारी आतड्याच्या ताती लावून दिवाणखान्यात मंद स्वरात वाजविण्यासाठी घडविल्या होत्या. पुढे पोलादी तारा आल्या. त्यांचा ताण तातींच्या जवळजवळ दुप्पट. तो सोसेल अशी बांधणी 1920 नंतरच्या दशकात सार्वत्रिक झाली. जुन्या नाजूक गिटारीला कोणी उत्साहाने पोलादी तारा चढविल्या, तर तिची तबली पोटासारखी फुगते आणि घोडी उखडते. तेव्हा हाती आलेल्या गिटारीच्या पोटावर फुगवटा दिसला, तर मधल्या कोण्या पिढीने हौसेपायी काय केले हेही कळून येते.

गायकाच्या साथीला मोठा आवाज हवा झाला, तशी गिटारही अंगाने थोराड झाली. 1916 साली बोस्टनच्या एका पेढीसाठी मार्टिनने रुंद कमरेची गिटार केली आणि तिला त्या काळी गाजत असलेल्या ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश लढाऊ जहाजाचे नाव मिळाले. 1931 पासून ती मार्टिनच्या स्वतःच्या नावाने विकली जाऊ लागली. महोगनीची ती डी-18, रोजवुडची ती डी-28. सर्वांत अलंकृत डी-45 ची पहिली गिटार 1933 साली जीन ऑट्री या गाणाऱ्या चित्रपटनटासाठी बनली. 1942 पर्यंत अशा अवघ्या 91 झाल्या. आज त्यांपैकी एखादी विक्रीला आली तर बोली लाखो डॉलरांच्या घरात जाते.

डी-28 ची कथा तर याहून बोधप्रद आहे. तिच्या तबलीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या पूर्वी मधून कोरून हलक्या केलेल्या असत. त्यामुळे तबली मोकळेपणी कंप पावे आणि आवाज घुमे. पण लोक जाड तारा लावू लागले, तबल्या फुगू लागल्या आणि गिटारी दुरुस्तीस परत येऊ लागल्या. तेव्हा 1944 च्या अखेरीस कारखान्याने शहाणपणाने पट्ट्या जाड ठेवावयास सुरुवात केली. काठावरची माशाच्या काट्यासारखी नक्षी जर्मनीहून येई; युद्धात ती बंद झाली आणि शिल्लक साठा 1947 साली संपला. त्या काळी कोणास काही वाटले नाही. पुढे वादकांच्या ध्यानात आले की, जुन्या गिटारीचा घुमारा नव्यात नाही. मग कोरीव पट्ट्यांची, काटेरी काठाची डी-28 शोधून शोधून घेतली जाऊ लागली. शेवटी 1976 साली खुद्द कारखान्यालाही आपली जुनी पद्धत पुन्हा बाजारात आणावी लागली. दोन गिटारी, एकाच नावाच्या, बाहेरून जुळ्या बहिणी. पण मधे 1944 साल आडवे आले म्हणून भावात मोठे अंतर!

लाकडाचीही अशीच गोष्ट आहे, आणि ती आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते. डी-28 ची पाठ आणि कडा ब्राझीलच्या रोजवुडच्या असत. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठविण्यावर निर्बंध घातले, तेव्हा 1969 च्या अखेरीस मार्टिनने भारतीय रोजवुड वापरण्यास आरंभ केला. हे भारतीय रोजवुड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले शिसव! ज्या लाकडाचे पलंग, देव्हारे आणि झोपाळे आपल्या वाडवडिलांनी केले, तेच लाकूड नाझारेथला जाऊन गाऊ लागले. नाद म्हणून शिसव काही कमी नाही. पण ब्राझीलचे लाकूड दुर्मिळ झाले, 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली, आणि त्या दुर्मिळतेनेच जुन्या गिटारींचा भाव चढला. अशी गिटार परदेशी धाडावयाची तर आता सरकारी परवाना लागतो. म्हणजे ती कोठे विकता येईल, हाही किमतीचाच एक भाग झाला.

आता दुरुस्तीचा विषय. तारांच्या ओढीने पन्नास वर्षांत दांडी पुढे झुकते, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि बोटे दुखू लागतात. मग जाणता कारागीर वाफेने सांधा सोडवून दांडी पुन्हा बसवितो. हे काम नीट झाले असेल तर किंमत फारशी घटत नाही. म्हातारपणी चष्मा लागावा, तितके ते स्वाभाविक. सांधलेला तडाही क्षम्य. परंतु मूळ रोगण खरवडून नवे चढविले, तर व्यापारातला ढोबळ संकेत असा की किंमत निम्म्यावर येते. मूळ खुंट्या फेकून झगमगीत नव्या बसविल्या, घोडी बदलली, तरी भाव उतरतो. ग्राहक बल्बाच्या प्रकाशावर विसंबत नाहीत; अतिनील किरणांच्या दिव्याखाली जुने रोगण आणि नवे रोगण वेगवेगळे चमकतात व लपवालपवी उघडी पडते. म्हणून विकण्यापूर्वी नियम एकच : गंजलेल्या खुंट्या, तुटकी पट्टी, जुनी पेटी, खरेदीची पावती, आजोबांचा गिटार वाजवितानाचा फोटो, यांतले काही टाकू नये आणि काही घासू नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. एका गिटारीच्या किमती तीन असतात. विम्यासाठी धरावयाची ती सर्वांत चढी. दुकानाच्या काचेआड लावलेली ती मधली. आणि दुकानदार आपल्या हातावर ठेवील ती सर्वांत कमी, कारण त्याला भाडे, दुरुस्ती आणि नफा त्यातूनच काढावयाचा असतो. यात लबाडी नाही. पण जो घेणार त्यालाच किंमत करावयास सांगू नये. शुल्क घेऊन केवळ मूल्यांकन करून देणारे जाणकार असतात; त्यांच्याकडून आधी लेखी किंमत घ्यावी, मग सौद्याला बसावे.

एवढे सारे नियम सांगितल्यावर, त्यांना उलथून टाकणारे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. 1959 साली मार्टिनने डी-18ई नावाची गिटार काढली. ध्वनीच्या गिटारीला विजेची जोड देण्याचा हा प्रयोग. तो काही फळला नाही आणि जेमतेम 300 गिटारींवर थांबला. त्यांतली एक कर्ट कोबेन या गायकाच्या हाती आली. तो डावखुरा, म्हणून तारा उलट्या लावून घेतल्या. आणखी एक विजेचे यंत्र तिच्यावर बसविले. मूळ रूप राखण्याच्या साऱ्या नियमांचा हा भंगच! पण 1993 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला तो दूरचित्रवाणीसाठी गायिला ते हीच घेऊन, आणि काही महिन्यांतच त्याचे निधन झाले. 2020 साली लिलावात या गिटारीला 60 लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. ते मोल लाकडाचे नव्हते. ते त्या एका रात्रीचे होते.

आणि उलट बाजूही पाहा. 2015 साली पडद्यावर आलेल्या एका अमेरिकन चित्रपटासाठी मार्टिनच्या संग्रहालयाने 1870 च्या दशकातील एक गिटार उसनी दिली होती. प्रसंगात गिटार फोडावयाची होती. त्यासाठी नकली तयार होत्या. अदलाबदल वेळेवर झाली नाही आणि नटाने खरीच आपटून फोडली. विम्याचे पैसे मिळाले. पण संग्रहालयाने त्यानंतर चित्रपटांना गिटारी देणेच बंद केले. किंमत भरून निघाली, मोल नाही.

सारांश काय? जुन्या वाद्याची किंमत काढणे म्हणजे त्याच्यावर झालेला काळाचा लेख वाचणे होय. शिक्का, आकडा, लाकूड, पट्ट्या, रोगण, दुरुस्ती, वाजविणाऱ्याचा हात, ही त्या लेखाची अक्षरे. ती वाचून झाल्यावर वाद्य विकावे की ठेवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पैशाची गरज असते, नातवाला वाजविता येत नसते, आणि मुक्या पेटीत कुजण्यापेक्षा ते वाजविणाऱ्याच्या हाती जाणे केव्हाही बरे. पण न वाचताच विकले, तर आपण फसतो. आणि न वाचताच पुसले, तर पुढच्या वाचणाऱ्यालाही आपण फसवितो.

आपल्या माळ्यावर मार्टिनची गिटार निघणे कठीण. पण आत्याबाईंचा मिरजेचा तंबोरा निघू शकेल, भोपळ्याला बारीक तडा गेलेला, खुंट्या घट्ट बसलेल्या. त्याला यंदा रंगाचा हात देऊ नका. आधी मऊ कोरड्या फडक्याने धूळ झटका, दिवा जवळ धरा, आणि कारागिराचे नाव कुठे दिसते का ते पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा कोणी आणला, कोण गात असे. ते सांगतील ते कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद तंबोऱ्याच्या गवसणीत घाला. पणतीच्या उजेडात एवढे काम सहज होते. चिंच भांड्यांना पुरते.