बोर्ड : फळी, टेबल आणि पंगत

शब्दांच्या वाटेनं इतिहासाकडे जायचं, असं या व्याख्यानांत आपण ठरवलं आहे. आजचा शब्द आहे ‘बोर्ड’. तो इतका रोजचा झालाय की इंग्रजी आहे हेही लक्षात येत नाही. दुकानावर बोर्ड असतो, भिंतीवर बटणांचा बोर्ड असतो, दहावीला बोर्डाची परीक्षा असते, विमानतळावर बोर्डिंग पास लागतो. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडची जुनी माणसं आजही सांगतात, ‘आम्ही बोर्डिंगात राहून शिकलो.’ गंमत बघा, पाटी म्हणून लागतो तो बोर्ड, पण परीक्षा घेतं ते बोर्ड. मराठीनं त्याला लिंगंसुद्धा दोन दिली. दोन वेगळे शब्द असल्यासारखीच.

मुळात मात्र ही एक फळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी आणि ‘बोर्ड’ म्हणजेच जहाजाची बाजू. जाणकारांच्या मते हे मुळात दोन जुळे शब्द असावेत आणि ते फार लवकर एकमेकांत मिसळले. जहाजाच्या अंगानं आलेली मंडळी आपण आधी उरकून घेऊ. जहाजावर चढणं ते ‘ऑन बोर्ड’, पाण्यात पडणं ते ‘ओव्हरबोर्ड’. सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू, ‘स्टारबोर्ड’. ताऱ्यांचा तिथं काही संबंध नाही. डावी बाजू ‘लार्बोर्ड’. आता वादळात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लार्बोर्ड यांत फरक काय ऐकू येणार? शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलानं हुकूम काढून लार्बोर्ड बंद केला आणि ‘पोर्ट’ सुरू केला. आज जो तो बैठकीत म्हणतो, ‘त्यांनाही ऑन बोर्ड घ्या’, ते या जहाजावरच घ्यायचं असतं.

आपल्याला थांबायचंय ते जमिनीवरच्या फळीपाशी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत आजच्यासारखं कायमचं टेबल नसे. दोन घोड्या मांडायच्या, त्यांवर लांब फळी टाकायची, जेवायचं, आणि झालं की फळी उचलून भिंतीला लावायची. ही फळी म्हणजे बोर्ड. त्यामुळे बोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल झालं, आणि पुढे टेबलावरचं अन्नच झालं. ‘कपबोर्ड’ हे आधी कपाट नव्हतंच, पेले मांडून ठेवायची उघडी फळी होती. दारं पुष्कळ नंतर लागली. ‘बेड अँड बोर्ड’ म्हणजे अंथरूण आणि अन्न, थोडक्यात संसार. इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयात नवरा-बायकोला वेगळं राहायची परवानगी मिळे, पण पुन्हा लग्न करता येत नसे. त्या निवाड्याचं नावच ‘अंथरुणापासून आणि अन्नापासून फारकत’ असं होतं. १८५७ च्या कायद्यानं ते नाव बदललं.

पैसे देऊन दुसऱ्याच्या फळीवर जेवतो तो ‘बोर्डर’. त्याची सोय ते ‘बोर्डिंग’. म्हणजे बोर्डिंग या शब्दाच्या पोटात झोपणं नाही, जेवणं आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच टेबलावर जुगारही चाले. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवणारा माणूस सचोटीचा, म्हणून ‘अबव्ह बोर्ड’. सगळी रक्कम जिंकली तर ‘स्वीप द बोर्ड’. पण या फळीचा सगळ्यांत मोठा प्रवास वेगळाच आहे. जेवणं उरकल्यावर त्याच टेबलाभोवती बसून कारभार होऊ लागला, आणि टेबलाभोवती बसलेल्या माणसांनाच मिळून ‘बोर्ड’ म्हणू लागले. बाकीचे बाकावर, मुख्याला खुर्ची, तो ‘चेअरमन’. खाणारी फळी हळूहळू हुकूम सोडायला लागली.

आपल्याकडे बोर्ड आधी आलं ते या हुकूमवाल्या रूपात. १७८४ मध्ये पिटच्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीवर नजर ठेवायला लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमलं गेलं. त्या टेबलाशी हिंदुस्थानातला कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईत १८४० मध्ये ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झालं, त्यात मात्र एतद्देशीय सभासद होते. नाना शंकरशेट त्यांतले एक. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीतून शिकवण्याकडे, तर नानांचं म्हणणं की बहुजनांपर्यंत विद्या न्यायची तर ती देशी भाषांतूनच न्यावी लागेल. वाद चांगलाच रंगला. आम्हाला वाटतं, मराठी माणूस अशा टेबलाशी बसून अध्यक्षाशी मराठीसाठी भांडतो, याला निकाल काय लागला यापेक्षा जास्त मोल आहे. पुढे रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर आणि मुंबई इलाख्याच्या १८८४ च्या कायद्यानंतर जिल्ह्या-तालुक्यांत लोकल बोर्डं आली. बोर्डाचा रस्ता, बोर्डाची शाळा, बोर्डाचा दवाखाना अशी भाषा खेड्यात रुळली.

आता आपल्या फळीकडे या. मराठीतही जेवणाची फळी आहेच की! ती म्हणजे पाट. फरक एवढाच, की इंग्रजांची फळी उंचावर गेली आणि सगळ्यांची मिळून एक झाली. आपली जमिनीवर राहिली आणि ज्याची त्याची वेगळी. ‘पाट-पाणी घेतलं’ म्हणजे जेवणाची तयारी झाली. पण पाट कुणाशेजारी मांडायचा, पंगत कुणाची, कोण ओसरीवर आणि कोण अंगणात, हे जातीवर ठरे. परगावी शिकायला गेलेल्या पोराची खरी अडचण फीची नंतर, आधी जेवायचं कुठे ही असे. ब्राह्मण मुलाला वार लावून जेवायची सोय होती. कुणब्याच्या, महाराच्या मुलानं कुणाकडे वार लावायचे?

राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, शिंपी, सोनार अशी किती तरी. जातवार वसतिगृहं काढली म्हणून महाराजांवर टीका होते. पण त्या काळी सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या जागेत प्रत्यक्षात एकाच जातीची मुलं राहत, हे विसरून ती टीका करता येणार नाही. तरी विसंगती आहेच, ती आम्ही झाकत नाही. शब्द एका सामाईक फळीचा, आणि त्याखाली फळ्या मांडल्या वेगवेगळ्या.

ही विसंगती एका विद्यार्थ्याला चांगलीच टोचली. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर सोवळ्यासाठी आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. इथं जातवार काही नव्हतं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान पोरं एका पंगतीत भाकरी खायची, कामं वाटून घ्यायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. ज्या महाराजांच्या कोल्हापुरात बोर्डिंगं जातीची होती, त्यांचंच नाव सगळ्या जातींच्या बोर्डिंगला! आम्हाला यात काही वावगं दिसत नाही. पहिली पायरी महाराजांनी बांधली होती.

बोर्डात येणं, म्हणजे परीक्षेच्या गुणवत्ता यादीत झळकणं, हा वाक्प्रचार तर निव्वळ आपला. इंग्रजाला सांगून कळायचा नाही. बोर्डिंगात राहून बोर्डात आलेल्या पोराचं गावभर कौतुक व्हायचं, तेव्हा एकाच वाक्यात फळीची दोन्ही टोकं येत, अन्नाचं आणि अधिकाराचं.

आता बोर्डिंग हा शब्द मागे पडतोय. मुलं म्हणतात ‘हॉस्टेल’. त्यात जेवण येत नाही. जेवायला वेगळी ‘मेस’ लावावी लागते. हा मेस शब्दही एकत्र जेवणाऱ्यांचाच आहे. तो पुढच्या वेळी घेऊ.