मिरवणुकीतलं लुगडं कोणाचं?

शिमग्याची राख निवते न निवते तोच आमच्या कर्जत-खालापूरकडे घरोघरी शिलाई मशीन खडखडायला लागते. शिमगा ते पाडवा मधे पंधराच दिवस, आणि तेवढ्यात मिरवणुकीचे पोशाख व्हायला हवेत. सासूबाई जुन्या साडीचे काठ उसवतात, आम्ही बेतून शिवतो, घरचे पुरुष फेट्याच्या चुण्या घालतात, पोरं नाडी ओवतात. रात्री जेवणं उरकली की सगळं घर त्याच कामाला. आज या कपड्यांमागचा इतिहास सांगायचा आहे. तो आम्हालाही गेल्या वर्षीच नीट कळला.

पूर्वी आपल्या कोकणात वेश घेण्याचा सण म्हणजे शिमगा. सोंगं निघायची, पोरं दारोदार पोस्त मागायची. पण सोंग घ्यायचं ते पुरुषांनी. गोमू नाचायची ती लुगडं नेसलेला गडीच. लुगडं घरातल्या बाईचं, नेसवून द्यायचीही तीच, आणि मिरवणूक बघायची मात्र उंबऱ्यातून.

पाडव्याची शोभायात्रा त्यामानाने अगदी नवी आहे. १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने नववर्ष स्वागतयात्रा काढली. ती बघून गिरगाव, ठाणे अशी गावोगावी प्रथा पडली, आणि कल्याणच्या पुढे रेल्वेच्या रुळांबरोबर ती आपल्याकडेही आली. यात बाई उंबऱ्यात थांबली नाही. नऊवारी नेसून, फेटा बांधून रस्त्यावर उतरली, लेझीम खेळली, मोटारसायकलवरही बसली. ही गोष्ट लहान नाही.

या नऊवारीमुळे आमच्या गटांनाही काम मिळालं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. ते नेसायची सवय आताच्या मुलींना नाही, म्हणून शिवलेली नऊवारी आली. निऱ्या आणि काष्टा शिवूनच ठेवायचा, कमरेला नाडी. जुन्या पाचवारीत लहान मुलीची नऊवारी आरामात बसते.

गेल्या वर्षी आम्ही सगळ्या मुलींसाठी एकसारख्या, पायघोळ नऊवारी बेतल्या. नथ, चंद्रकोर, सगळं ठरलं. तेव्हा गटातली एक ठाकरवाडीची ताई म्हणाली, "माझी आई जन्मभर लुगडंच नेसली. गुडघ्यापर्यंत, गळ्यात मण्यांच्या माळा. बाजारात आली की लोक हसायचे. तुम्ही म्हणता आपली परंपरा, तर त्यात माझी आई कुठं आहे?"

आम्ही गप्प झालो. खरंच होतं तिचं. आपल्या भागात ठाकर, कातकरी, आगरी, कुणबी, सगळ्याच कष्टकरी बाया लुगडं वर खोचून नेसायच्या. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करायची, बांधावरून मोळी आणायची, तिथे पायघोळ नेसून कसं चालेल? काष्टा हा कामाचा पोशाख. मिरवणुकीत आली ती मात्र सिनेमात आणि मालिकांत दिसते ती वाड्यातली नऊवारी.

मग आम्ही उत्साहाने ठरवलं, यंदा सगळ्यांनाच आखूड लुगडं नेसवू. तेव्हा बौद्धवाडीतली ताई म्हणाली, "थांबा. आमच्या आज्यांनी आखूड नेसणं मुद्दाम सोडलं आहे." तिने सांगितली ती गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली.

तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते साल १९२७. मार्चमध्ये लोकांनी तळ्याचं पाणी घेतलं, डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायांशी वेगळे बोलले. तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या जड दागिन्यांवरून लोक जात ओळखतात, ती खूण पुसून टाका, असं त्यांनी सांगितलं. बायांनी ते लगेच मनावर घेतलं. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी त्यांना घोट्यापर्यंत लुगडं नेसायला मदत केली. हातभर कापड खाली सोडायलासुद्धा तेव्हा धाडस लागत होतं.

म्हणजे बघा, एकच आखूड लुगडं. एकीला त्यात तिची राबणारी आई दिसते, दुसरीला आजीवर लादलेली खूण. दोघींचंही खरं. त्यामुळे आम्ही ठरवलं की कोणी कोणाला वेश नेसवायचा नाही. जिने तिने आपल्या घरी विचारायचं, आपली आजी काय नेसत होती, का नेसत होती, आणि तिने काय सोडलं. मग काय घालायचं ते आपण ठरवायचं.

पंधरा दिवस घरोघरी हीच बोलणी. ठाकरवाडीच्या दोन मुली आजीच्या माळा घालून आल्या, तिसरीने मला पंजाबी ड्रेसच हवा म्हटलं, तीही तशीच चालली. बौद्धवाडीच्या बाया पांढरं, घोट्यापर्यंतचं लुगडं नेसून महाडच्या बाया झाल्या. दोन मुलगे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील झाले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झालेले हे दोघे आपल्याच कर्जत भागातले. वडिलांचे जुने सदरे लहान केले, खर्च दोऱ्याचा तेवढा.

मिरवणूक एकसारखी दिसली नाही. फोटोत रंग जुळले नाहीत असंही कोणी म्हणालं. पण ठाकरवाडीच्या त्या ताईची आई रस्त्याच्या कडेला उभी होती, रोजच्याच लुगड्यात. नात समोरून आली तेव्हा ती पुढे झाली, नातीच्या माळा सारख्या केल्या आणि तिच्याबरोबर चालायला लागली. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तर तायांनो, यंदा पोशाखाला कापड फाडायच्या आधी घरातल्या म्हातारीजवळ घटकाभर बसा. तिने सांगितलेलं वहीत लिहून ठेवा, आणि मगच कात्री लावा.