भुयारातला फळा

फळा आणि फळी ही सख्खी भावंडं, संस्कृत ‘फलक’ची लेकरं. फळा शाळेत गेला, फळी स्वयंपाकघरात डबे-बरण्यांखाली राहिली आणि तिथून क्रिकेटच्या बातम्यांत शिरून ‘आघाडीची फळी’ झाली. थोरला फलक मात्र तत्सम रुबाबात नगरपालिकेच्या भिंतीवर टांगलेला. संस्कृतात या शब्दाचा पसारा याहून मोठा होता. लाकडाची चपटी फळी हा मूळ अर्थ. तिची ढाल केली तरी फलक, तिच्यावर चित्र काढलं तरी फलक आणि सोंगट्या मांडल्या तर शारिफलक. शारि म्हणजे सोंगटी. आपल्या सारीपाटातली ‘सारी’ ती हीच.

इंग्रजीतला ‘बोर्ड’ जवळपास याच वाटेने चालत आला. जुन्या इंग्रजीत त्याचे अर्थ फळी, मेज, ढाल, गलबताची बाजू. मेजावर जेवण वाढलं की बोर्डिंग. कर्मवीरांच्या साताऱ्यातल्या शाहू बोर्डिंगात हाच जेवणाचा बोर्ड आहे. मेजाभोवती शहाणी माणसं बसली की मंडळ. दहावीची परीक्षा ‘बोर्डाची’ असते ती त्यामुळे. अर्थात पोरं घाबरतात ती परीक्षेला. त्या शब्दात एक लाकडी मेज दडलंय, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

हे लाकूड संगणकात पुन्हा लाकूड झालं, म्हणून हा विषय. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पीडीपी-१० यंत्रावर एक खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. चित्र नाही, आवाज नाही. ‘तू अरुंद वाटेवर उभा आहेस’ अशा थाटाची वाक्यं पडद्यावर उमटायची, खेळाडूने ‘उत्तर’ असं टंकलं की पुढचं वर्णन यायचं, आणि त्याच वाटेवर दुसऱ्या टर्मिनलवरचा दुसरा खेळाडूही भेटायचा. नाव ‘मड’. चिखलाशी संबंध नाही; ‘मल्टी युझर डंजन’ची ती आद्याक्षरं. पण खेळ काही तळघरात घडत नव्हता. मग डंजन कुठून आलं? ‘झॉर्क’ या खेळाची एक आवृत्ती तेव्हा ‘डंजन’ नावाने फिरत होती आणि ट्रबशॉने नाव तिच्यावरून घेतलं. त्या यंत्रावर फाइलचं नाव सहाच अक्षरांचं असे, म्हणून तिथे तिचं स्पेलिंग एक अक्षर गाळून लिहिलं जाई. ‘ॲडव्हेंचर’ हा आद्य खेळही असाच कापून ‘ॲडव्हेंट’ झाला होता. संगणकातल्या पुष्कळ शब्दांची व्युत्पत्ती कोशात शोधून उपयोग नसतो. ती यंत्रात जागा किती होती यावर असते.

डंजनची स्वतःची कुंडली मात्र बघण्यासारखी. फ्रेंच ‘दाँजाँ’ म्हणजे किल्ल्यातला मुख्य बुरूज, धन्याची जागा. आपला बालेकिल्लाच म्हणा. पुढे त्या बुरुजाखाली कैदी डांबले जाऊ लागले आणि शब्द बालेकिल्ल्यावरून घसरून थेट अंधारकोठडीत पडला. फ्रेंच शब्दामागे लॅटिन ‘दोमिनुस’, म्हणजे धनी. त्याच्यामागे ‘दोमुस’, म्हणजे घर. आणि या ‘दोमुस’चं वैदिक भावंड ‘दम’, अर्थ तोच, घर. ‘दंपती’ हा त्या घराचा धनी. द्विवचनात नवरा-बायको दोघं. जुने वैयाकरण ‘जाया’च्या जागी ‘दम्’ आला असं सांगून मोकळे होतात, पण ऋग्वेदातला ‘दम’ समोर असताना एवढा खटाटोप कशाला? तेव्हा डंजन आणि दांपत्य एकाच गोत्रातले. ही माहिती घरी सांगावी की नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

१९७८ सालीच अमेरिकेत शिकागोला वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फोनवरून निरोप ठेवता येतील अशी व्यवस्था उभी केली आणि तिला ‘बुलेटिन बोर्ड’ म्हटलं. डोळ्यांसमोर क्लबातला बुचाचा फलक होता, टाचणीने चिठ्ठ्या लावायचा. बुलेटिनच्या मुळाशी लॅटिन ‘बुल्ला’, म्हणजे बुडबुडा. मग तसाच गोल शिक्का. मग शिक्क्याचा कागद. वाण्याचं बिल त्यातूनच आलं आणि बंदुकीची बुलेटही. कोल्हापुरात धडधडत जाते ती बुलेट त्याच घराण्यातली.

शिकागोचा फलक नावापुरताच होता. भिंत नाही, खिळा नाही. मडच्या वळणावर पुढे निघालेल्या खेळांनी तो परत भिंतीला लावला. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांनी १९९०-९१च्या सुमारास ‘डिकूमड’ लिहिलं (‘डिकू’ ही त्या विभागाच्या डॅनिश नावाची आद्याक्षरं). त्यात बोर्ड ही तलवारीसारखी, शिदोरीसारखी एक वस्तू असते, एका ठरावीक खोलीत ठेवलेली. वाचायचा तर आपलं पात्र तिथवर चालत न्यायचं. ‘लुक बोर्ड’ म्हटलं की निरोपांची यादी, ‘रीड ३’ म्हटलं की तिसरा निरोप. वाटेत राक्षसाने मारलं तर निरोप राहिला.

आता हे फलक ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन बसवायचं, तर काम वरवर सोपं. निरोप डिस्कवरच्या फाइलींत पडलेले असतात. साधन त्या वाचतं आणि पान तयार करतं. खेळात शिरायची गरजच नाही. पहिली कटकट रंगांची. टर्मिनलवर लाल अक्षर हवं असेल तर ‘एस्केप’ हे अदृश्य चिन्ह, मग चौकटी कंस, ३१ आणि एम असं लिहितात. टर्मिनल ते गिळून रंग दाखवतं, ब्राउझरला एस्केप कळत नाही, आणि मजकुरात ‘[३१एम’ अशी शेपटं लोंबत राहतात. उलट खेळाडूंनी कोनी कंसात हसू लिहिलं असेल, तर ब्राउझर ते टॅग समजून नाहीसं करतो. म्हणून कंसालाही ‘एस्केप’ करायचं. या शब्दाच्या पोटात ‘काप्पा’ म्हणजे झगा आहे. धरणाऱ्याच्या हाती झगा सोडून निसटणं, हा मूळ अर्थ. रंगाच्या खुणेबाबत नेमकं उलटं होतं: निसटायचा तो निसटतो आणि झगा पानावर पडून राहतो.

दुसरी अडचण विझार्डांची. लार्स पेन्शोच्या १९८९च्या ‘एलपीमड’मध्ये खेळ पार केलेला खेळाडू विझार्ड होई आणि त्याला जगाचा कोड लिहायची मुभा मिळे. ‘वाइज’ला ‘-आर्ड’ प्रत्यय लागून हा शब्द झाला. ‘ड्रंकर्ड’, ‘कॉवर्ड’ यांतला तोच कुत्सित प्रत्यय. त्यामुळे ‘मांत्रिक’पेक्षा ‘दीडशहाणा’ हे भाषांतर मला जास्त पटतं. या दीडशहाण्यांचे फलक वेगळ्या खोल्यांत असतात आणि साध्या खेळाडूला तिथे दार उघडत नाही. बंदोबस्त काय तो दाराचा. फाइलीला दार नसतं. साधन दारातून येतच नाही, थेट फाइलींत हात घालतं. म्हणून कोणता फलक दाखवायचा याची यादी कॉन्फिगरेशनमध्ये हाताने भरावी लागते. यादीत नाव नसेल तर तो फलक दाखवायचा नाही, असा नियम आधी घालावा. उलटा घातला, तर एखाद्या विझार्डाने मध्यरात्री नवी खोली बांधून तिथे फळा टांगला की सकाळी तो जगजाहीर.