पेशीविना किण्वन: साखर, यीस्ट आणि संत्र्याची साल

#थ्रेड

१/८ सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. संत्रे सोलताना हाताला लागणारा वास सालीतील तेलाचा. त्या तेलाचा बहुतांश भाग म्हणजे लिमोनीन. हेच द्रव्य झाडाविना आणि जिवंत पेशीविना, साध्या साखरेपासून घडवता येते. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

२/८ साखरेचे मद्यार्क होणे ही जीवनक्रिया की निव्वळ रसायन? एकोणिसाव्या शतकातील हा मोठा वाद. लीबिग रसायनाच्या बाजूचे. पाश्चर यांच्या मते जिवंत यीस्टवाचून किण्वन अशक्य. यीस्टमधून किण्वनकारी द्रव्य वेगळे काढण्याचे पाश्चर यांचे प्रयत्नही फसले होते.

३/८ १८९६, म्युनिक. एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर कुटून त्याचा रस दाबयंत्राने पिळून काढला. तो त्यांचे बंधू हान्स यांच्या वैद्यकीय संशोधनासाठी हवा होता. रस नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली गेली, मुरंब्यात घालतात तशी.

४/८ रसाला बुडबुडे फुटू लागले. साखरेचे मद्यार्क होत होते, तेही जिवंत पेशींवाचून! १८९७ मध्ये बुखनर यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९०७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काम पेशीतील विकरांचे, म्हणजेच एन्झाइमांचे होते.

५/८ १९०६ च्या सुमारास लंडनमध्ये हार्डन आणि यंग यांनी हा रस गाळून त्याचे दोन भाग केले. एकट्या भागाने किण्वन होईना. एकत्र करताच ते सुरू झाले. विकरांना साहाय्यक द्रव्ये लागतात, हे त्यातून उमगले.

६/८ खरी अडचण इथेच होती. विकर पुन्हा पुन्हा काम करते. एटीपीसारखी साहाय्यक द्रव्ये मात्र खर्च होतात. जिवंत पेशी ती सतत भरून काढते. परीक्षानळीत ती संपली की क्रिया थांबते.

७/८ २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील जेम्स बोवी यांच्या गटाने २७ विकरांची साखळी रचली. ग्लुकोज मोडताना मिळणारी ऊर्जा नव्या रेणूच्या बांधणीला पुरवली. एकदाच घातलेल्या ग्लुकोजवर ही साखळी किमान ५ दिवस चालली. साखळीतील एक विकर बदलून लिमोनीन, पायनीन किंवा सॅबिनीन, लिटरमागे १५ ग्रॅमहून अधिक मिळाले.

८/८ लिमोनीन सूक्ष्मजीवांना विषारी असते. हे प्रमाण पेशींना सोसवणाऱ्या मर्यादेच्या सुमारे दहापट होते. पेशीच नसल्याने मरण्याचा प्रश्न उरला नाही. संत्र्याची साल मुबलक आहे. या पद्धतीचे महत्त्व वनस्पतीत अल्प प्रमाणात आढळणाऱ्या द्रव्यांसाठी अधिक. मात्र ही विकरे आजही जिवंत जिवाणूंत वाढवून, शुद्ध करून घ्यावी लागतात आणि खर्च तिथेच होतो. पाश्चर वाद हरले. पण पेशीची गरज पूर्णपणे संपलेली नाही.