रुळांविना स्थानक : मांडवा बंदराचा प्रवासी इतिहास

प्रस्तावना :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला आणि पुढे रेल्वेच्या कडेनेच मुंबईची उपनगरे वाढली. गेट वे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे अवघ्या २० किलोमीटरच्या आत असलेले मांडवा मात्र उपनगर झाले नाही. त्याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईची उपनगरी रेल्वे १९९८ साली पनवेलपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत पोहोचली. अलिबाग तालुक्यात थळच्या खत कारखान्यासाठी पेणहून मालवाहू लोहमार्ग आला. प्रवासी गाडी मात्र आली नाही. त्यामुळे या तालुक्याचे मुंबईकडील स्थानक म्हणजे बंदरच होय. आगबोटींच्या काळात हा मान रेवसला होता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ऐन पावसाळ्यातही लोकांना हा जलप्रवास करावा लागत असे, हे या तारखेवरूनच स्पष्ट होते.

सेवांचे स्वरूप :
गेट वे ते मांडवा लाँच व कॅटामरान सेवेने मांडव्याला रेवसपेक्षा अधिक महत्त्व आले. तथापि, मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत ही सेवा बंद असते. विद्यार्थी, रुग्ण, नोकरदार यांना तेव्हा वडखळमार्गे सुमारे १०० किलोमीटरचा वळसा पडतो. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली. टाळेबंदीमुळे खंडित झालेली ही सेवा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्ववत झाली. सुमारे ५०० प्रवासी व शंभराहून अधिक मोटारी नेणारी ही बोट पावसाळ्यातही चालते. अतिखराब हवामानात मात्र फेऱ्या रद्द होतात.

निष्कर्ष :
उपनगर अंतराने ठरत नाही. वर्षभराच्या खात्रीच्या वेळापत्रकाने आणि रोज परवडणाऱ्या भाड्याने ठरते. लोकलच्या मासिक पासाने सामान्य नोकरदाराला या दोन्ही गोष्टी दिल्या. रो-रोने पहिली अट बऱ्याच अंशी पूर्ण केली आहे. परंतु मोटारीसह येणारा पर्यटक आणि पायी येणारा स्थानिक प्रवासी यांपैकी कोणाला केंद्रस्थानी ठेवून सेवेची आखणी होते, यावरच मांडवा हे सहलीचे ठिकाण राहणार की स्थानक होणार, हे अवलंबून आहे.