प्रसूती रजेचे अर्थनियोजन

प्रसूती रजेचे अर्थनियोजन : नोकरदार गर्भवती स्त्रीने रजेतील वेतन, दवाखान्याचा खर्च, कर्जाचे हप्ते आणि कामावर परतण्याची तारीख यांची आधीपासून घातलेली सांगड. प्रस्तुत नोंद भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील व्यवस्थेपुरती आहे. रजा किती मिळते, हे बहुतेकींना ठाऊक असते. पैसे कोण देणार आणि कोणत्या तारखेला, हे मात्र पोट दिसू लागेपर्यंत कोणी विचारत नाही. घराचे गणित चुकते ते बहुधा या दुसऱ्या प्रश्नापाशी.

हा प्रश्न जुना आहे आणि तो मुंबईच्या गिरण्यांतून आला. ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूती लाभाचे विधेयक संमत झाले नाही. मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण मालकालाही स्त्रीच्या श्रमातून फायदा होतो, तेव्हा तोही यातून सुटत नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्यातून 1929 चा मुंबई इलाख्याचा कायदा झाला. या विषयावरील तो देशातील पहिला कायदा होय. पुढे 1948 चा राज्य कर्मचारी विमा कायदा आणि 1961 चा प्रसूती लाभ अधिनियम आला. 2017 च्या दुरुस्तीने रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1961 च्या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली; आठवडे तेच राहिले.

पैसा येण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेली आणि राज्य कर्मचारी विम्यात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ईएसआयमध्ये, नोंदलेली स्त्री लाभ घेते तो महामंडळाकडून. त्यासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. तिच्या पगारातून 0.75 टक्का आणि मालकाकडून 3.25 टक्के कापले जातात, त्या बदल्यात सरासरी दैनिक वेतन पूर्ण मिळते. विम्याबाहेरच्या, दहा वा अधिक माणसांच्या आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रीला मालक स्वतःच्या खिशातून देतो. अट एवढीच, की अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत तिने किमान 80 दिवस काम केलेले असावे. सरकारी कर्मचारी स्त्रीला दोन हयात अपत्यांपर्यंत 180 दिवसांची रजा सेवानियमांनुसार मिळते व पगार नेहमीप्रमाणे निघतो. तिच्या बाबतीत नियोजन फारसे उरत नाही, एवढेच तिचे सुदैव.

पगारवाढ ऐन गर्भारपणात झाली, तर पहिल्या वाटेवरची स्त्री दुसऱ्या वाटेवर जाऊ शकते. अंशदान कालावधी एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे असतात. कालावधी सुरू असताना वेतन 21,000 च्या पुढे गेले, तरी तो संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. वाढीचे पत्र हाती आले, की पेढे वाटण्याआधी लाभ कोणाकडून येणार हे कार्यालयाला विचारून घ्यावे.

रजेची विभागणी : दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास एकूण 26 आठवडे. त्यांतील जास्तीत जास्त 8 आठवडे अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन वा अधिक अपत्ये हयात असतील तर एकूण 12 आणि आधी जास्तीत जास्त 6. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई आहे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, स्त्री-नसबंदीसाठी दोन आठवडे आणि गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना सवेतन रजा आहे. हा शेवटचा महिना पुष्कळजणींना ठाऊक नसतो आणि त्या तो बिनपगारी काढतात.

वेतनाचा हिशेब : रजा सुरू होण्याच्या लगत आधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या मजुरीची सरासरी, हा दर. सरासरी काम केलेल्या दिवसांची असल्याने उलट्यांपायी चार दिवस बिनपगारी झाले म्हणून दर खाली येत नाही. घोळ होतो तो दिवस मोजताना. रोजंदारीवर 900 रुपये मिळवणाऱ्या स्त्रीला 26 आठवड्यांचे 182 दिवस धरले, तर 1,63,800 रुपये होतात. साप्ताहिक सुट्ट्या वगळून 156 दिवस धरले, तर 1,40,400. फरक 23,400 रुपयांचा, म्हणजे तिच्या 26 हजेऱ्यांच्या एका महिन्याच्या कमाईएवढा. 1977 मध्ये बी. शहा विरुद्ध श्रम न्यायालय, कोईमतूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला : आठवडा सात दिवसांचा, आणि बिनमजुरीचा रविवारही लाभासाठी मोजायचा. मळ्यातील एका कामगार स्त्रीच्या थोड्या रुपयांवरून निघालेला हा निकाल आहे, पण हिशेबनीस तो आजही विसरतात.

दुसरा घोळ 'वेतन' या शब्दात आहे. 1961 च्या अधिनियमात घरभाडे भत्ता वेतनात धरला जाई. संहितेच्या व्याख्येत मूळ पगार व महागाई भत्ता येतो, तर घरभाडे, प्रवासखर्च, कमिशन व जादा कामाचे पैसे वगळले जातात. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर जादा भाग परत वेतनात मिळवतात. म्हणून कायद्याचा किमान आकडा आणि दरमहा बँकेत पडणारा आकडा एकच असेल असे गृहीत धरू नये. अनेक कंपन्या पूर्ण पगार देतात; आपली देते का, हे नेमणूकपत्रात किंवा रजेच्या धोरणात पाहावे. विक्रीच्या कमिशनवर किंवा रात्रपाळीच्या भत्त्यावर ज्यांचे घर चालते त्यांना तर हा फरक पहिल्याच महिन्यात जाणवतो.

पैसे येण्याच्या तारखा : प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गर्भारपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यायची आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांच्या आत, असा नियम आहे. वरच्या उदाहरणात आठ आठवडे आधी रजा घेतल्यास 50,400 रुपये आधी व 1,13,400 नंतर मिळतील. एकरकमी हाती आलेला पैसा सहा महिन्यांचा पगार आहे याचा विसर पडणे सोपे असते. बारशाचा थाट, सोन्याची साखळी, नवा फ्रीज यांत तो जातो आणि चौथ्या महिन्यात हप्त्याच्या तारखेला खाते रिकामे. अशी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून दरमहा ठरावीक भाग घरखर्चाच्या खात्यात वळवणे, हा साधा उपाय आहे. मासिक पगारदार स्त्रीला बहुधा नेहमीच्या तारखेलाच पगार मिळतो. मालकाकडून मिळणाऱ्या या पगारावर नेहमीसारखा प्राप्तिकर लागतो व भविष्यनिर्वाह निधीची कपातही चालू राहते.

खरा खड्डा 26 आठवड्यांनंतरचा. बाळ अजून अंगावर पिते, सासरी-माहेरी सांभाळणारे कोणी नाही, म्हणून पुष्कळजणी दोन-तीन महिने बिनपगारी वाढवतात. त्या काळात पीएफची भर थांबते, कंपनीचा समूह आरोग्यविमा चालू राहतो की नाही हे धोरणावर अवलंबून असते, आणि कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही. तेव्हा शिलकीचे उद्दिष्ट ठरवायचे ते सवेतन रजेचे नव्हे, या पुढच्या महिन्यांचे. किती महिने बिनपगारी राहायचे ते आधी ठरवावे, तेवढे हप्ते, घरभाडे व विम्याचे हप्ते बाजूला काढावेत, आणि मग राहिलेल्या पैशात बाबागाडी कोणती घ्यायची ते पाहावे. संहितेत कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद आहे, 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन जादा विश्रांती मिळतात. लहान कार्यालयात काम करणारीला पाळणाघराचे पैसे पगारातूनच काढावे लागतात. परतल्यानंतरचा पगार म्हणजे जुना पगार वजा पाळणाघर, असे धरावे.

दवाखान्याचा खर्च : वैयक्तिक आरोग्यविम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो पुष्कळदा दोन ते चार वर्षांचा. दिवस गेल्यावर घेतलेल्या विम्याचा या बाळंतपणाला उपयोग होत नाही. समूह विम्यात ही अट बहुधा नसते, पण खर्चाला मर्यादा असते. नवजात बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात येते का, हे मुद्दाम पाहावे, कारण काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाचे बिल आईच्या बिलाला मागे टाकते. मालक मोफत वैद्यकीय सेवा देत नसेल, तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनस देय आहे. आजच्या दरांपुढे ही रक्कम चेष्टेसारखी वाटते. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सिझेरियनसह प्रसूती मोफत आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत खर्चाचा मोठा वाटा आईवडिलांवर टाकते. तो हिशेबाच्या वहीत कधी लिहिला जात नाही.

असंघटित स्त्रियांसाठी वेतन नाही, अनुदान आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 मिळतात. महाराष्ट्रातील नोंदणीकृत बांधकाम कामगार स्त्रीला कल्याणकारी मंडळाकडून नैसर्गिक प्रसूतीसाठी 15,000 व शस्त्रक्रियेसाठी 20,000 रुपये दिले जातात. मात्र नोंदणी आधीपासून चालू असावी लागते आणि नाक्यावर रोज नवा मुकादम शोधणारीला वर्षातील 90 दिवसांच्या कामाचा दाखला मिळवणे सोपे नसते. रोजंदारीवरील स्त्रीही या लाभाला पात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील कामगारांच्या खटल्यात 2000 मध्ये सांगितले. करार रजेच्या मध्यात संपला तरी लाभ थांबत नाही, असे 2023 मध्ये कविता यादव खटल्यात ठरले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 च्या संकेतानुसार हा खर्च सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. भारताने तो संकेत स्वीकारलेला नाही. विम्याबाहेरच्या स्त्रीच्या 26 आठवड्यांचा पूर्ण भार मालकावर असल्याने लहान आस्थापना तरुण स्त्रीला नोकरी देतानाच बिचकतात. कायदा उदार आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी, असा हा प्रकार आहे. सरकारच्या वाट्याविषयी 1928 मध्ये मुंबईत मांडलेला मुद्दा या स्त्रियांपुरता तरी जिथल्या तिथे आहे.

रजेवर असताना स्त्रीला कामावरून काढणे किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणे बेकायदा आहे; मात्र लाभ घेत असताना तिने दुसरीकडे काम केल्यास त्या काळाचा लाभ ती गमावते. रजेची सूचना लेखी द्यायची असते. तीत रजेची तारीख आणि रक्कम कोणाच्या हाती द्यायची त्याचे नाव असते. आधी देणे जमले नाही तर प्रसूतीनंतरही देता येते. 48 तासांचे घड्याळ प्रसूतीपासून नव्हे, पुरावा दाखल झाल्यापासून चालू होते. म्हणून दवाखान्याचा दाखला कार्यालयात कोण नेऊन देणार, हे आठव्या महिन्यातच घरात ठरवावे आणि त्याला तारखेसह पोच घ्यायला सांगावे.